दोन टेकड्यांचा एक ठोका

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. नक्की कधीची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला ती सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तर त्यांनी गोष्ट सोडून तिथीवरच वाद घातला असता.

तेव्हा एक राज्य होते आणि ते दोन टेकड्यांवर वसलेले होते. एक थोरली टेकडी, एक धाकटी टेकडी. दोन्हींच्या मध्ये एक खिंड होती आणि खिंडीच्या खाली वळसा घालून गेलेली नदी. पूर्वी ही दोन वेगळी राज्ये होती आणि त्यांचे आपसात मुळीच पटत नसे. मग धाकट्या टेकडीची राजकन्या थोरल्या टेकडीच्या राजाला दिली, आणि भांडण मिटून दोन्हींचे एक राज्य झाले.

आता ती राजकन्या म्हातारी झाली होती. ती राजमाता. नवरा वारल्यावर ती आपल्या माहेरच्या, म्हणजे धाकट्या टेकडीवरच्या वाड्यात येऊन राहिली होती. थोरल्या टेकडीवर सिंहासनावर तिचा मुलगा बसला होता.

हा राजा मनाने वाईट नव्हता बरं का. प्रजेला छळत नसे, पोटभर जेवत असे, देवाला भीत असे. फक्त त्याला मनातून वाटायचे की आपण जिथे बसतो तेच जगाचे मधले ठिकाण. ही खोड राजांनाच असते असे समजून कोणी खुशीत येऊ नये.

दोन्ही टेकड्यांवर एकेक मोठा नगारा होता. थोरलीचा नगारा सिंहासनाशेजारच्या बुरुजावर आणि धाकटीचा नगारा तिच्या टोकाच्या बुरुजावर. दसऱ्याच्या सकाळी दोन्ही नगारे वाजत, पण ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा. राजाला ते खटकले. त्याने नवा रिवाज काढला. थोरल्या टेकडीवर उंच काठीला निशाण चढवायचे, ते दोन्ही टेकड्यांवरून दिसेल असे. राजाने हात केला की निशाण खाली पडेल, आणि ते पडताक्षणी दोन्ही नगाऱ्यांवर एकदम टिपरी पडेल. या रिवाजाला त्याने नाव दिले जोडठोका.

"राज्य एक, तर ठोका एक," राजा म्हणाला. सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. दरबारात मानांचा तोच उपयोग असतो.

दसरा उजाडला. आपट्याची पाने घेऊन लोक जमले. राजाने हात केला. निशाण सरसरत खाली आले.

धडाम्!

हा झाला सिंहासनाशेजारचा नगारा. आणि मग, पापणी दोनदा लवेल एवढ्या वेळाने, लांबून आवाज आला.

धम्म्.

राजाचा चेहरा उतरला. लोकांत कुजबुज सुरू झाली. धाकटी टेकडी मागे राहिली! पहिल्याच जोडठोक्याला ठोके दोन झाले! एका म्हाताऱ्याने तर तिथल्या तिथे सांगून टाकले की हे राज्य फुटणार.

राजाने धाकट्या टेकडीच्या नगारचीला बोलावून घेतले. हा नगारची पन्नाशीकडे झुकलेला, शांत, कमी बोलणारा माणूस. त्याच्या बापाने आणि आज्यानेही तोच नगारा वाजवलेला. हात जोडून तो उभा राहिला.

"उशीर का केलास?" राजाने विचारले.

"उशीर?" नगारची गोंधळला. "नाही महाराज. निशाण पडलं आणि माझी टिपरी पडली. उलट मीच म्हणत होतो..." तो थांबला.

"काय म्हणत होतास?"

"लहान तोंडी मोठा घास होईल महाराज. पण इकडचाच नगारा मागाहून वाजला."

दरबार खो खो हसला. सिंहासनाशेजारचा नगारा मागाहून? तो तर राजाच्या कानाशी वाजला होता! राजाला मात्र हसू आले नाही. त्याला वाटले, हा माणूस चुकतो तर चुकतो, वर खोटेही बोलतो.

"मी माझ्या कानांनी ऐकलं आहे," राजा म्हणाला. "कोजागिरीच्या सकाळी पुन्हा जोडठोका होईल. त्या दिवशी तुझा ठोका मागे राहिला, तर टिपऱ्या खाली ठेवायच्या आणि बायकोला घेऊन टेकडी उतरायची. राज्याच्या शिवेबाहेर."

नगारची घरी आला तो डोके धरूनच. नगारचीण भाकऱ्या थापत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि परातीत हात तसाच ठेवून म्हणाली, "अहो, पण मी तर तुमच्या शेजारीच उभी होते. निशाण पडलं, टिपरी पडली. मध्ये माशी शिंकायलासुद्धा जागा नव्हती."

"मग राजा खोटं बोलतो?"

"राजा कशाला खोटं बोलेल?"

"मग मी?"

"तुम्हीही नाही."

"अगं, मग काय झालं?"

"ते मला कुठं कळतंय!" ती वैतागून म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली. ती भाकरी वाकडीतिकडी झाली.

दुसऱ्या दिवसापासून नगारची सराव करू लागला. नगारचीण शेजारी उभी राहून डोळ्यांत तेल घालून बघायची. हात वेळेवरच पडत होता. तरी नगारचीच्या मनात किडा वळवळू लागला. आपले डोळे म्हातारे झाले असतील का? निशाण पडल्याचे आपल्याला उशिरा दिसते का? की हातच जड झाला आहे? ज्या हाताकडे त्याने जन्मात कधी लक्ष दिले नव्हते, त्या हाताकडे तो आता टक लावून बघू लागला.

इकडे दरबारातही शांतता नव्हती. राजाचा दरबारी गवई होता. मोठा जाणकार. त्याने हे कोडे सोडवायचे मनावर घेतले आणि तो थेट धाकट्या टेकडीवर येऊन थडकला.

"तुझा दोष नाही," तो नगारचीला म्हणाला. "दोष तुझ्या नगाऱ्याच्या स्वराचा आहे. हे बघ, नगाऱ्याचं कातडं सैल असलं की ते सावकाश थरथरतं, म्हणून आवाज जाड, खर्जातला येतो. कातडं ताणलं की ते भरभर थरथरतं, आणि स्वर वर चढतो. माझ्या तंबोऱ्याची तार पिळली की हेच होतं. लांब तार सावकाश हलते, आखूड तार भरभर हलते. कळलं?"

"कळलं," नगारची म्हणाला. खरोखरच कळले होते, कारण गवई खरे तेच सांगत होता.

"आता जे भरभर थरथरतं ते भरभर धावणार, हे उघड आहे. तुझा जाड आवाज घाट चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखा धापा टाकत येतो. त्याला बारीक करू."

आणि इथे गवई घसरला. मुलांनो, कोणी 'हे उघड आहे' म्हणाले की जरा सावध व्हावे. पुष्कळदा तिथेच काहीतरी तपासायचे राहिलेले असते.

त्यांनी नगाऱ्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. उबेने कातडे ताणले गेले, आवाज चढला. गवई लगबगीने खिंड ओलांडून थोरल्या टेकडीवर गेला, निशाण पाडायला लावले आणि कान देऊन बसला. धडाम्! आणि मग, पापणी दोनदा लवेल एवढ्या वेळाने, लांबून, टण्ण्. आवाज बारीक झाला होता खरा, पण आला तेव्हाच.

गवई हट्टी होता. त्याने एका सनईवाल्याला धाकट्या टेकडीवर पाठवले. निशाण पडताच नगारा आणि सनई एकदम वाजवायची असे ठरले. सनईचा स्वर बारीक, सगळ्यांत वरचा. तो आधी येईल, नगारा मागून रखडत येईल. निशाण पडले. गवयाने डोळे मिटले. सनई आणि नगारा एकमेकांचा हात धरून आल्यासारखे बरोबर आले, आणि दोघेही उशिरा!

गवयाचे जेवण गेले. तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि स्वतःशी पुटपुटू लागला, "भरभर थरथरतो तोही तेवढ्याच वेळात. सावकाश थरथरतो तोही तेवढ्याच वेळात. मग थरथरण्याचा उपयोग काय?"

सेनापतीला स्वरांतले काही कळत नव्हते, त्यामुळे त्याला शंकाही नव्हती. त्याने दोन पैलवान धाडले. "हाणा!" म्हणाला. पैलवानांनी असे हाणले की झाडांवरचे पक्षी उडाले, गाई दावी तोडून पळाल्या आणि नगाऱ्याचे कातडे फाटले. थोरल्या टेकडीवर आवाज मोठा आला. लवकर मात्र आला नाही.

कोजागिरी उद्यावर आली. नवे कातडे चढवून नगारची हताश बसला होता. तेवढ्यात प्रधानजी स्वतः त्याच्या दारात आले. प्रधानजी हा सगळ्यांचे भले चिंतणारा माणूस होता, फक्त ते भले लवकर उरकावे अशी त्यांची इच्छा असे.

"हे बघ बाबा," प्रधानजी हळूच म्हणाले, "राजाला एक ठोका ऐकू यायला हवा. तो कसा, हे राजाने विचारलेलं नाही. निशाण सोडण्याआधी निशाणदार दोरीची गाठ सोडतो, तेव्हा निशाण एकदा हेलकावतं. ते हेलकावलं की तू ठोक."

"निशाण पडायच्या आधी?" नगारची दचकला. "ते खोटं होईल प्रधानजी."

"आणि टेकडी उतरलास तर ते खरं होईल? खाशील काय?"

नगारची बायकोकडे बघू लागला. या वयात कुठे जायचे, हा प्रश्न तिलाही पडला होताच.

कोजागिरीच्या सकाळी निशाण हेलकावले, आणि नगारचीने डोळे मिटून ठोका दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने निशाणाआधी नगारा वाजवला. थोरल्या टेकडीवर निशाण पडले, शेजारचा नगारा वाजला, नेमका त्याच क्षणी लांबचा आवाजही येऊन पोहोचला.

धडाम्म्!

एक ठोका! राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला. लोकांनी जयजयकार केला. राजाने नगारचीला बोलावून त्याच्या खांद्यावर जरीचा शेला घातला आणि म्हणाला, "बघितलंस? मनावर घेतलं की जमतं!"

नगारचीने मान खाली घातली. लोकांना वाटले, किती हा विनय!

शेला घेऊन तो आपल्या टेकडीवर परतला, तर वेशीतच लोक जमलेले. पण जयजयकार नव्हता. सगळ्यांचे चेहरे तापलेले. त्यांनी त्याला धरून राजमातेपुढे उभे केले.

राजमाता सज्जात बसून सगळे बघत होती आणि ऐकत होती. ती म्हणाली, "तू निशाण पडायच्या आधी ठोका दिलास. मी या डोळ्यांनी पाहिलं. निशाणाचा अपमान केलास. आणि तुझ्या ठोक्यानंतर माझ्या लेकाचा नगारा किती उशिरा वाजला! तिकडच्या लोकांना झोप लागली होती की काय कोण जाणे. त्यांचं मी त्यांच्याशी बघेन. पण असा उतावळा हात मला बुरुजावर नको. टिपऱ्या इथं ठेव आणि टेकडी सोड."

नगारची तसाच उभा राहिला. खांद्यावर राजाचा शेला होता आणि हात रिकामे होते. वेळेवर ठोकले तर राजा हाकलतो, आधी ठोकले तर राजमाता हाकलते. इकडे आड, तिकडे विहीर. आपण शहाणे आहोत की वेडे, हेच त्याला कळेना.

गोंधळ एवढ्यावर थांबला असता तरी बरे. राजमातेने मुलाला निरोप धाडला: तुमचा नगारची आळशी आहे, त्याला काढा. राजा भडकला. त्याने उलट निरोप धाडला: आईसाहेब, ठोका एकच होता, मी स्वतः ऐकला. राजमातेचे उत्तर आले: ठोके दोन होते, मीही स्वतःच ऐकले, आणि मी काही बहिरी नाही. हा वाद टेकड्या उतरून बाजारात आला. खिंडीत दर आठवड्याला दोन्ही टेकड्यांचा बाजार भरे. तिथे थोरलीचे लोक म्हणत ठोका एक, धाकटीचे म्हणत ठोके दोन. दोघेही देवाची शपथ घेत, आणि दोघांचीही शपथ खरी होती. धाकटीच्या बायकांनी थोरलीच्या कुंभाराची गाडगी घेणे बंद केले. थोरलीवाल्यांनी धाकटीच्या माळणीच्या भाजीला नावे ठेवली. दोघा व्याह्यांची मारामारी झाली.

नगारचीच्या घरी बोचकी बांधून झाली होती. शेवटचे बोचके बांधताना नगारचीण थांबली. तिने पदर खोचला आणि ती थेट थोरल्या टेकडीवर, भर दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "एकाच माणसाला तुम्ही म्हणता उशीर, आईसाहेब म्हणतात घाई. आम्ही तुमचा ठोका जुळवायला गेलो, म्हणून तर मेलो. आम्ही शिवेबाहेर जायला तयार आहोत. पण आधी तुम्ही मायलेक एका जागी बसा, एकदा मिळून ऐका, आणि आम्हाला कशासाठी हाकलता ते तरी ठरवा. नुसतं हाकलू नका."

प्रधानजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. राजाच्या तोंडून रागाचा शब्द निघणार होता, पण तिच्या बोलण्यात चूक काढावी तर ती सापडेना.

राजाने आईला निरोप धाडला, इकडे या. आईने उलट निरोप धाडला, तुम्हीच इकडे या. तू ये, तू ये करता करता शेवटी दोघांच्या मधली जागा ठरली, खिंड. दोन्ही टेकड्यांपासून सारखीच दूर. ठोका कोणी द्यायचा? नगारचीच्या हातातून तर टिपऱ्या काढून घेतलेल्या. राजमाता म्हणाली, "दोन्हीकडे तुमचीच माणसं बसवा राजे, म्हणजे पुन्हा माझ्या माणसाचं नाव नको." राजाने आपले दोन भरवशाचे नगारची दोन बुरुजांवर बसवले.

राजा घोड्यावरून आला. राजमाता मेण्यातून आली. गवई आला, प्रधानजी आले, दोन्हीकडचे लोक दाटीवाटीने उभे राहिले. नगारची आणि नगारचीण बोचकी घेऊन कडेला बसली होती.

थोरल्या टेकडीवरचे निशाण खाली पडले.

आणि काहीच ऐकू आले नाही.

राजाने चमकून वर पाहिले. राजमातेने राजाकडे पाहिले. त्याचा स्वतःचा नगारची, ज्याच्यावर त्याचा जीव होता, त्यानेही ठोका दिला नव्हता! राजा ओरडणार एवढ्यात...

धडाम्म्!

एकच ठोका. दोन्ही टेकड्यांवरून, दोन्ही कानांत, एकदम.

"एक होता," राजमाता म्हणाली.

"एक होता," राजा म्हणाला. "पण उशिरा होता. दोन्ही उशिरा!"

पुन्हा निशाण चढवले, पुन्हा पाडले. पुन्हा तेच. निशाण पडे, मग क्षणभर शांतता, मग दोन्ही नगारे मिळून. राजाने डोके खाजवले. सिंहासनावर बसून ऐकले तर माझा नगारा वेळेवर आणि आईचा उशिरा. आईकडे आईचा वेळेवर आणि माझा उशिरा. इथे दोघेही उशिरा, पण दोघे मिळून. माणसे तीच, नगारे तेच, हात तेच. मग बदलते ते काय?

तो असा घुटमळत असताना त्याची नजर खाली नदीकडे गेली. काठावर एक परीट कपडे धूत होता. त्याने पिळा डोक्यावर नेला आणि दगडावर आपटला. आवाज आला नाही. त्याने पिळा पुन्हा वर नेला, आणि तो हवेत असताना खालून आवाज आला, फट्. पुन्हा आपटला, तेव्हा शांत. पुन्हा वर नेला, तेव्हा फट्.

खिंडीतून जाणाऱ्या प्रत्येकाने हे जन्मभर पाहिले होते. राजानेही पाहिले होते. पाहिले होते आणि सोडून दिले होते.

"हा परीटही आळशी म्हणायचा का?" राजमाता हळूच म्हणाली.

गवई एकदम उठून उभा राहिला. "आवाज चालत येतो!" तो ओरडला. "निशाण दिसतं तत्क्षणी, पण आवाजाला वाट चालावी लागते. लांबून निघाला की लांबची वाट!"

"आणि जाड आवाज, बारीक आवाज?" प्रधानजींनी विचारले.

गवई विचारात पडला. मग त्याने लोकांच्या दाटीकडे बोट केले. "जत्रेत मागून कोणी धक्का दिला की तो माणसामाणसांतून पुढे पोचतो. माणसं जागच्या जागी हलतात, धक्का पुढे जातो. मागचा माणूस भराभर धक्के देवो की सावकाश, जोराने देवो की हळू, तो धक्का पुढे कसा सरकेल हे गर्दीच ठरवते. हवेचंही असंच असणार. भरभर थरथरण्याने स्वर चढतो, चाल वाढत नाही. असं मला वाटतं. नक्की सांगत नाही. मागच्या वेळी मी नक्की सांगितलं होतं."

राजाने पुन्हा एकदा परिटाकडे पाहिले. मग त्याने विचारले, "आईसाहेब, मग दसऱ्याला उशीर कोणी केला होता?"

"कोणीच नाही राजे. आवाज चालत तुमच्याकडे येत होता आणि तुम्ही सिंहासनावर बसून त्याची वाट न पाहता निवाडा दिलात. मीही तेच केलं. फक्त माझी खुर्ची वेगळी होती."

राजाने सगळ्यांदेखत नगारचीला जवळ बोलावले. टिपऱ्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "चूक माझी झाली. दिवाळीच्या पाडव्याला जोडठोका होईल. मी तुझ्या बुरुजावर, तुझ्या शेजारी उभा राहून ऐकणार आहे." लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. नगारचीणीने बोचक्यांच्या गाठी सोडल्या. बाजारात गाडगी पुन्हा विकली जाऊ लागली.

गोष्ट इथे संपवली असती तर मला आवडले असते. पण ती इथे संपत नाही.

पाडव्याला राजा धाकट्या टेकडीच्या बुरुजावर येऊन उभा राहिला. शेजारी नगारची, टिपरी उगारून. समोर थोरल्या टेकडीवर निशाण फडफडत होते. ते खाली पडले.

नगारचीचा हात वरच राहिला.

त्याने निशाणाकडे पाहिले. मग हाताकडे पाहिले. मग राजाच्या तोंडाकडे. आत्ता ठोकावे? की आधीच ठोकायला हवे होते? की अजून थांबावे? तेवढ्यात समोरून सिंहासनाशेजारच्या नगाऱ्याचा आवाज दरी ओलांडून पोहोचला, आणि त्यानंतर कुठे नगारचीची टिपरी कातड्यावर पडली.

ज्या हाताने जन्मात कधी उशीर केला नव्हता, त्याने आज खरोखर उशीर केला होता.

"महाराज," नगारची म्हणाला, "आता वेळेवर पडला का? मला आता कळत नाही."

राजाने त्याच्या हातावर हात ठेवला. आवाजाला लागणारा वेळ कळला की हिशेब जुळवता येतो, मायलेकांचे भांडण मिटवता येते, दिलेला शेलाही परत घ्यावा लागत नाही. पण दोषी नसलेल्या माणसाला दोषी ठरवून त्याचा स्वतःवरचा जो भरवसा काढून घेतला होता, तो कोणत्या खजिन्यातून परत द्यायचा, हे त्या राज्यात कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून राजाने एक केले. कोणाचाही निवाडा करायचा असला की तो आधी सिंहासनावरून उतरे, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या जागी जाऊन उभा राही आणि तिथून एकदा ऐके. नगारचीला त्याने कामावरून काढले नाही. दरवर्षी तो त्याच्याच बुरुजावर जाऊन उभा राही आणि हात उशिरा पडला तरी काही म्हणत नसे. त्या हाताचा अडखळा पुढे नाहीसा झाला, असे काही जण सांगतात. काही जण म्हणतात, शेवटपर्यंत गेला नाही.

तात्पर्य: आपल्या कानावर उशिरा आलेले सगळेच उशिरा निघालेले नसते, म्हणून दोष देण्याआधी एकदा दुसऱ्याच्या जागी उभे राहून ऐकावे.